जोगीण रंग घेत नाही

भित्र्या माणसाने छंद लावून घेऊ नये. धीट माणसाचं चित्र बिघडलं तर तो त्याला आपली शैली म्हणतो आणि भिंतीवर लावतो. भित्र्याचं बिघडलं तर तो आधी दार लावून घेतो आणि मग बायको कुठे आहे ते बघतो. ठाकुरद्वारचे कमलाकांत मानकर हे या दुसऱ्या गोत्रातले. उभी हयात विमा कंपनीत गेल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिचं पुढे काय काय वाईट होऊ शकतं तेच त्यांना आधी दिसे. पंखा दिसला की तो पडलेला दिसे. निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसून ते "गॅसचा वास येतोय का गं?" एवढंच विचारू लागले, तेव्हा त्यांची बायको वासंती म्हणाली, "अहो, काहीतरी शिका. माझ्या जिवाला तेवढीच शांतता."

म्हणून ते दादरला जलरंगाच्या वर्गाला जाऊ लागले. शिकवणारी मनवा त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होती. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी होतो हे बघून बाकीचे विद्यार्थी खूश झाले. कमलाकांतांच्या लक्षात राहिलं ते लाल आणि हिरवा एकत्र आले की चिखल होतो हे. ब्रशची निगा मात्र त्यांना मनापासून पटली. ब्रश पाण्यात डोक्यावर उभा ठेवायचा नाही, टोक मोडतं. काम झालं की कोमट पाणी, सौम्य साबण, मग बोटांनी टोक काढायचं आणि आडवा वाळवायचा, नाहीतर पाणी मुळाशी उतरून केस गळतात. वेळीच कुणी सांगितलं असतं तर कमलाकांतांनी स्वतःच्या केसांसाठीही एवढं केलं असतं.

मनवाने सांगितलं म्हणून त्यांनी सेबलचा एक उत्तम ब्रश घेतला. मुंगसासारख्या दिसणाऱ्या, थंड मुलखातल्या कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीचे केस. ही माहिती त्यांनी घरी दिली नाही, कारण श्रावण तोंडावर आला होता आणि घरात सुक्या सोड्यांचा डबासुद्धा वरच्या फळीवर गेला होता. शिवाय एक लाल रंगाची नळी घेतली. "काका, कॅडमियम आहे यात, जपून हं," मनवा वर्गात म्हणाली होती. "ब्रश तोंडात घालायचा नाही. स्वयंपाकघरात तर न्यायचाच नाही." दुकानात त्या लाल रंगाच्या दोन नळ्या होत्या. दोन्हींवर नाव तेच, फक्त स्वस्त नळीवर पुढे एक बारीकसा शब्द जास्त होता. जास्त अक्षरं आणि कमी किंमत, म्हणून कमलाकांतांनी ती उचलली.

आता ब्रश स्वयंपाकघरात न्यायचा नाही हे ठीक, पण दोन खोल्या आणि गॅलरी एवढ्या संसारात आडवी, स्वच्छ, हवेशीर जागा एकच होती: ओट्यावरची भांड्यांची जाळी. कमलाकांत रोज ब्रश साबणाने धूत, टोक काढत आणि हळूच त्या जाळीवर, वाट्यांच्या शेजारी निजवत. धुतल्यावर कसलं विष राहतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. त्यांनी आयुष्यात दाखवलेला हा पहिला बेफिकीरपणा. त्याची फळं त्यांना यथावकाश मिळाली.

मानकरांच्या घरी श्रावण अमावस्येला पिठोरी असते. तिचं एक जुनं चित्र आहे, कमलाकांतांच्या वडिलांच्या काकूंनी हाताने रंगवलेलं. जाड कागदावर ओळीने चौसष्ट जोगिणी. या चौसष्टजणी घरातल्या मुलाबाळांची राखण करतात, अशी समजूत. पूजा झाली की घरातली आई वाणाचं ताट डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते, "अतीत कोण?", म्हणजे दारी पाहुणा कोण आलाय, आणि मागे बसलेलं मूल "मी" म्हणून ते घेतं, खातं. मानकरांकडे हे मूल म्हणजे त्यांची एकुलती एक लेक ऋग्वेदा. ती आता परळला नांदत होती आणि यंदा तिला सातवा महिना होता.

पिठोरीला दरवर्षी माहीमहून नलूआत्या येत. कमलाकांतांच्या वडिलांची ही धाकटी बहीण पंच्याऐंशीच्या पुढची होती, आणि अख्ख्या कुळात तिच्यापुढे मोठ्याने बोलणारा माणूस अजून जन्मायचा होता. चित्रापुढे बसून त्या एकेका जोगिणीकडे बघून हात जोडत असत. चौसष्ट वेळा.

झालं असं, की पूजेला आठवडा असताना चित्राची काच तडकलेली कमलाकांतांना दिसली. तडकलेली काच, तिची कपची, गरोदर मुलगी, हे सगळं त्यांना एकापाठोपाठ दिसलं आणि त्यांनी ती काढली. काच निघाल्यावर जोगिणींच्या लुगड्यांचा लाल रंग विटलेला दिसला. वासंतीबाई भुलेश्वरला गेल्या होत्या. हातात सेबलचा ब्रश होता. माणसाचा घात करायला इतकं पुरेसं असतं.

अगदी शेवटच्या ओळीतली, कोपऱ्यातली जोगीण त्यांनी निवडली. एक टिंब, फक्त पदरावर. पण ब्रशाला पाणी जरा जास्त होतं. जुना रंग जलरंगच, तो विरघळला. पदरावरून थेंब वर, म्हणजे जोगिणीच्या गालावर गेला. कमलाकांतांनी घाबरून रुमाल टेकवला. रुमाल उचलला तेव्हा जोगिणीचा चेहरा रुमालावर आला होता. नाक, डोळे, कुंकू सगळं. चित्रात एक मुंडावळी तेवढी राहिली होती आणि तिच्याखाली कुणीही नव्हतं.

कमलाकांत खुर्चीवर बसले. मग उठून दार लावून आले. मग पुन्हा बसले. घाबरून चालणार नव्हतं म्हणून घाबरतच त्यांनी चेहऱ्याचा रंग कालवला, थोडा लाल, थोडा पिवळा, भरपूर पाणी. ब्रश टेकवला. आणि रंग कागदावर बसेना. त्याचे गोल गोल थेंब झाले आणि ते बाजूला सरकले. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. नुसता लाल लावून बघितला, तोही अंग चोरून कडेला जाऊन बसला. जोगीण रंग घेत नव्हती.

शेजारच्या खोलीतला दत्ताराम हा कुठल्याही विषयातला जाणकार. कमलाकांतांनी त्याला गॅलरीत गाठलं आणि चित्राचं नाव न घेता, एखादा कागद रंग का घेत नसेल, असं सहज विचारतात तसं विचारलं. त्यांचा सहजपणा बघून दत्तारामने खुर्ची पुढे ओढली.

"कागद देवाबिवाचा हाय काय?" त्याने विचारलं.

"छे छे. असाच आपला."

"मग ठीक. नायतर आमच्या गावात एकाने राखणदाराच्या दगडाला ऑइलपेंट लावला व्हता. चांगला ब्रँडेड. सकाळी बघतोय तर सगळो सोलून खाली. दगडाने घेतलोच नाय. आणि मग म्हयन्याभरात त्या माणसाच्या घरात..." इथे दत्तारामने कमलाकांतांच्या तोंडाकडे बघितलं. "जाऊ दे. तुमी घाबराल."

सांगून टाकलं असतं तर एकाच गोष्टीची भीती वाटली असती. त्याने अर्ध्यावर सोडल्यामुळे कमलाकांतांना सगळ्याच गोष्टींची वाटली. त्यांनी मनवाला फोन केला. ती म्हणाली, "काका, कुठेतरी तेलकटपणा असणार. ब्रशला तूपतेल काही लागलं नाही ना?"

"माझ्या ब्रशला?" कमलाकांत दुखावले. "मी रोज साबणाने धुतो. माझ्या ब्रशला दुसरं कोण हात लावणार?"

म्हणजे तेलकटपणा नाही. म्हणजे दत्ताराम बरोबर. कमलाकांत स्वतःला बुद्धिवादी समजत; विम्याच्या कामात देवाची करणी हे कलम त्यांनी लोकांचे दावे फेटाळायला वापरलं होतं. पण आता त्यांना वेगळाच हिशेब छळू लागला. चौसष्टजणींत मुलांची वाटणी कशी असेल? ऋगूची राखण नेमकी कोपऱ्यातलीकडे तर नसेल? एक राखणदार कामावरून उठवला तर बाकीच्यांची जबाबदारी चालू राहते की सगळंच रद्द होतं? आठवडाभर परळहून फोन आला की ते आधी भिंतीला हात टेकत. "बाबा, मी बरी आहे, तू बरा आहेस का?" ऋग्वेदा विचारी. ते हो म्हणत आणि पुन्हा चित्राशी जात. नवी काच त्यांनी स्वतः बसवली आणि पूजेच्या दिवशी कोपऱ्यावर एक मोठं जास्वंदीचं फूल अशा बेताने ठेवलं, की खाली कोण आहे किंवा नाही ते कुणाला दिसू नये.

नलूआत्या आल्या, पाटाशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि हात जोडायला लागल्या. शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर थांबल्या.

"कमळ्या, ते फूल कुणी ठेवलं?"

"मी, आत्या."

"मोठं आहे."

एवढंच बोलून त्यांनी फुलालाच हात जोडले. पाणी प्यायचं निमित्त करून कमलाकांत आत गेले, आणि दारातच खिळले.

वासंतीबाई पुरणपोळ्यांना तूप लावत होत्या. तव्यावरून पोळी ताटात पडे, की वाटीतलं तूप घेऊन त्यावर फिरे तो ब्रश काळ्या दांड्याचा होता, त्याचं टोक सुईसारखं होतं. सेबलचा.

"हा..." कमलाकांत म्हणाले. "हा कुठून?"

"जाळीवरचा. कुठून म्हणजे काय?" वासंतीबाईंचा चेहरा तव्याच्या धगीने आणि कौतुकाने फुलला होता. "माझ्या त्या प्लास्टिकच्या ब्रशाचे केस पोळीत यायला लागलेत म्हणून मी एकदा नुसतं बोलले होते. तुम्ही गुपचूप हा आणून ठेवलात. इतका मऊ! लग्नाला इतकी वर्षं झाली, न सांगता तुम्ही काही आणलंत हे पहिल्यांदा. अख्ख्या मजल्याला दाखवलाय मी."

"आणि तू... रोज?"

"रोज. पोळी, डोसा, सगळ्याला. वापरते, धुते, परत तिथेच ठेवते. तुम्हीपण मधूनमधून साबणाने धुऊन ठेवता, बघितलंय मी. बोलले नाही, पण बरं वाटलं."

कमलाकांतांच्या डोक्यात एक दिवा लागला. तूप! जोगीण रागावलेली नव्हती. तिला तुपाचा हात लागला होता. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते हसलेसुद्धा. तेवढ्यात बाहेरून ऋग्वेदा डोकावली आणि म्हणाली, "आई, तुपात केशर घातलंस? काय सुरेख रंग आलाय."

पोळीवरचं तूप लालसर चमकत होतं. ब्रशाच्या मुळाशी रंग राहतो, मनवाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गरम तुपात तो आता मोकळा होत होता. कॅडमियम. कमलाकांतांचं हसू तोंडावरच राहिलं आणि आतला माणूस खाली बसला. महिनाभर ते बायकोला आणि स्वतःला विष चारत होते. आणि वाणाच्या ताटात, खिरीशेजारी, तीच पोळी ठेवलेली होती.

बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार होतं. ब्रश, रंग, फूल, फुलाखालची नसलेली जोगीण, आणि बाहेर नलूआत्या. कमलाकांत गॅलरीत पळाले. मनवाचा फोन वाजत राहिला. तिचा वर्ग चालू असणार. मग त्यांनी रंगाच्या कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपली तक्रार रंगाच्या दर्जाबद्दल आहे का?"

"तक्रार नाही हो. रंग पोटात गेलाय."

"सर, रंग कोणत्या पृष्ठभागावर वापरला होता?"

"पुरणपोळीवर."

"सर, तो पर्याय आमच्याकडे येत नाही. मी 'इतर' असं नोंदवते. बॅच नंबर सांगता? कामाच्या सात दिवसांत आमचा प्रतिनिधी..."

आतून घंटा वाजली. आरती संपली होती. वासंतीबाईंचा आवाज आला, दरवर्षीसारखा, थोडा गाऊन म्हटलेला: "अतीत कोण?"

कमलाकांत मानकर आयुष्यात कधी कशासाठीही धावले नव्हते, कारण धावताना माणूस पडतो. ते आता धावले. वासंतीबाई डोक्यावर ताट धरून बसल्या होत्या, मागे ऋग्वेदाने दोन्ही हात वर केले होते, "मी" म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं.

"मी!" कमलाकांत ओरडले. त्यांनी ताट हिसकावलं, पोळी घडी करून तोंडात कोंबली आणि खिरीची वाटी घोटाघोटाने संपवली. विष आहे हे ठाऊक असून खाल्लं. पुढे ते सांगत, की त्या क्षणी त्यांना मरणाची भीती वाटलीच नाही. फक्त एक घास ताटात उरला असेल की काय, याची वाटली. त्यांनी ताटही चाटलं.

नलूआत्यांची जपमाळ थांबली होती.

"बाबा," ऋग्वेदा हळूच म्हणाली, "तुला इतकी भूक लागली होती तर..."

मग कमलाकांतांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. भरल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी गळत, क्रम उलटासुलटा. ऋगू, तू काही खाल्लंस का? सकाळपासून काही नाही, उपास आहे, असं तिने सांगितल्यावर ते जमिनीवरच बसले. त्याच वेळी फोन वाजला. मनवा. ऋग्वेदाने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला आणि दोन वाक्यांत तिला सगळं सांगितलं.

"काका, घाबरू नका. नळीवर कॅडमियम रेडच्या पुढे काही लिहिलंय?"

ऋग्वेदाने नळी आणून डोळ्यांजवळ धरली. "ह्यू, असं लिहिलंय. अगदी बारीक."

"मग त्यात कॅडमियम नाहीच," मनवा म्हणाली. "नुसता तसा दिसणारा स्वस्तातला रंग असतो तो. तरी खायला सांगत नाही मी. ताईंनाही देऊ नका, आणि काका, तुम्ही डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. पण तुम्ही सेबल तुपात बुडवलात? काका, त्या शेपटीच्या केसांना..."

"कुणाच्या शेपटीच्या?" नलूआत्यांनी विचारलं.

कमलाकांतांनी सांगितलं. नलूआत्यांनी डोळे मिटले, उघडले. "श्रावण आज संपतोच आहे," त्या म्हणाल्या. "पुढे?"

पुढे वासंतीबाई होत्या. त्या अजून पाठमोऱ्याच होत्या, ताट धरलेले हात आता मांडीवर आले होते. "म्हणजे तो ब्रश माझ्यासाठी नव्हता," त्या म्हणाल्या.

आठवडाभर कमलाकांत देवीला घाबरले, दत्तारामच्या अर्ध्या गोष्टीला घाबरले, विषाला घाबरले. या एका वाक्यापुढे ते सगळं किरकोळ होतं. खोटं बोलायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. "नव्हता," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कसं सांगायचं हे मात्र त्यांना कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

नलूआत्यांनी हात लांब करून जास्वंदीचं फूल उचललं. कोपऱ्यातल्या मुंडावळीखालच्या तुपकट डागाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. कमलाकांत पाठीत धपाटा बसायची वाट बघत मान खाली घालून होते.

"पुसलीस तूच. मग काढ तूच," आत्या म्हणाल्या. "आणि वासंती, अतीत कोण म्हणून तू विचारलंस, यानं मी म्हटलं, वाण खाल्लं. आता वर्षभर याची आई तू."

"त्यात नवीन काय?" वासंतीबाई उठत म्हणाल्या, आणि कणीक पुन्हा मळायला आत गेल्या. ऋग्वेदाचं वाण दुसऱ्यांदा झालं, कोऱ्या पोळीचं. तूप चमच्याने वाढलं.

दुसऱ्या दिवशी कमलाकांत दोन ब्रश घेऊन आले. एक स्वतःसाठी, एक खास तुपाचा. तुपाचा वासंतीबाईंनी बघितला, बरा आहे म्हणाल्या आणि खिळ्याला अडकवला. मजल्यावर कुणाला दाखवायला नेला नाही. सेबलचा मात्र फेकलेला कुणी पाहिला नाही. पुढे एकदा वासंतीबाईंनी मागितलेली नारळीकाठी साडी शोधताना तो कमलाकांतांना कपाटात घड्यांच्या मधे दिसला. स्वच्छ धुतलेला, टोक काढलेला, आडवा. त्यांनी कपाट आवाज न करता लावून घेतलं.

जोगिणीचा चेहरा काढायला त्यांना महिने लागले. मनवाने सांगितल्याप्रमाणे डागावर टाल्कम पावडर ठेवून आधी तूप टिपून घेतलं, मग पातळ पातळ रंग चढवला. चेहरा कुणाचा, हा प्रश्न होता. जुनी जोगीण कशी दिसायची ते त्यांना आठवेना. इतकी वर्षं तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मनाने काढायला गेले तेव्हा कळलं, की त्यांना एकच चेहरा पाठ आहे. त्यावरचे रंग कसे पालटतात हे बघूनच ते घरात पाऊल टाकत आले होते.

पुढच्या पिठोरीला ऋग्वेदाची मुलगी तिच्या मांडीवर होती आणि सारखी फुलं तोंडात घालायला बघत होती. नलूआत्या ओळीओळीने हात जोडत शेवटच्या कोपऱ्यापाशी आल्या. तिथे फूल नव्हतं. कोपऱ्यातल्या जोगिणीची एक भुवई जरा चढलेली होती, आणि गॅसचा वास येत नाहीये हे ती आत्ता चौथ्यांदा सांगणार आहे, असं वाटत होतं.

आत्यांनी चित्राकडे बघितलं, मग आतबाहेर करणाऱ्या वासंतीबाईंकडे बघितलं. "ही इथे असताना पोरांना काही होत नाही," त्या म्हणाल्या आणि हात जोडले.

वासंतीबाई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि वाकून बघू लागल्या. कमलाकांतांनी भिंतीला हात टेकवला.

"नाक मोठं झालंय," वासंतीबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या. मग आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि शेजारच्या राधाबाईंना त्या दारातूनच सांगताना ऐकू आल्या, "जरा येऊन जा हो, आमच्या ह्यांनी काय केलंय ते दाखवते."